पाव मिलिमीटर

सुरी हातातून दिली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. मुठीच्या दोन्ही बाजूंचं लाकूड आणि मधलं पोलाद असं एकजीव झालेलं, की डोळे मिटून अंगठा फिरवला तर एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळू नये. मग हवा कोरडी पडते, दोन-तीन महिने जातात, आणि तीच सुरी हातात घेतली की मुठीच्या पाठीवर एक बारीक कड बोटाला लागते. डोळ्यांना काही दिसत नाही. बोटाला मात्र ती कळते. पोलाद होतं तिथेच आहे, लाकूड मागे सरकलेलं असतं. हाताने सुरी घडवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला ही कड कधी ना कधी येते. पातं उत्तम असेल, धार टिकत असेल, मुठीवरच्या नक्षीवरून बघणाऱ्याची नजर हलत नसेल, तरी एकदा ती कड बोटाला लागली की तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही. आणि गंमत म्हणजे ती जास्तीत जास्त त्रास देते ती सगळ्यात देखण्या लाकडातच.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची करकचून बांधलेली जुडी. या नळ्यांची लांबी जवळपास बदलत नाही. जाडीत मात्र त्या हवेतला ओलावा पिऊन फुगतात आणि तो सोडून आक्रसतात. हे आक्रसणंही सगळीकडे सारखं नसतं. वर्षवलयाच्या कडेने ते जितकं होतं, त्याच्या साधारण निम्मं ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत होतं. हिशेब करून बघण्यासारखा आहे. दमट हवेत १२ टक्के ओलावा धरून असलेलं लाकूड कोरड्या, गरम खोलीत ८ टक्क्यांवर येतं. बऱ्याच कठीण लाकडांत वलयाच्या दिशेने, दर एक टक्का ओलाव्यामागे रुंदी ०.२५ ते ०.३ टक्क्यांनी घटते. म्हणजे चार टक्क्यांत एक टक्का किंवा किंचित जास्त. मूठ २५ मिलिमीटर रुंद असेल तर पाव मिलिमीटर गेला. तो पाठ आणि पोट या दोन कडांत वाटला गेला, तरी प्रत्येक बाजूला पोलाद मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याने वर राहतं. एवढं बोटाला सहज कळतं. दिवसभर सुरी धरून कातडं सोडवणाऱ्याच्या तळव्याला तर ते सोलवटून काढतं.

म्हणून मुठीच्या कामाची सुरुवात वजनकाट्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. मुठीसाठी कापलेली पट्टी साधारण १३० मिलिमीटर लांब, ४० रुंद आणि १० जाड असते. मध्यम घनतेच्या लाकडाची अशी पट्टी जेमतेम ३५ ग्रॅमची भरते, आणि तिच्यातला एक टक्का ओलावा म्हणजे ग्रॅमचा तिसरा हिस्सा. त्यामुळे ०.१ ग्रॅम दाखवणारा काटाच लागतो. पट्टीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं, ज्या खोलीत काम करायचं तिथेच ती हवेशीर ठेवायची आणि दर आठवड्याला वजन करायचं. लागोपाठ तीन-चार आठवडे आकडा हलला नाही, तर लाकूड त्या हवेला जुळलं असं समजायचं. ओला ठोकळा मिळाला असेल तर घाई अंगाशी येते. एक इंच जाडीला एक वर्ष हा सुतारांचा जुना अंदाज आजही खोटा ठरत नाही. ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांना मेण लावावं लागतं, कारण ओलावा तोंडाकडून सगळ्यात आधी पळतो. मेण लावलं नाही तर टोकं आधी आक्रसतात, मधला भाग ओलाच असतो, आणि त्या ओढाताणीत टोकाला तडे जाऊन दोन-तीन सेंटिमीटर लाकूड वाया जातं.

आता नक्षीचा प्रश्न.

मुठीसाठी लोक जे लाकूड डोळे लावून शोधतात, त्यातली शोभा बहुतेक वेळा झाडाला झालेल्या त्रासातून आलेली असते. बर्ल म्हणजे बुंध्यावरची ती मोठी गाठ. तिच्यात असंख्य न उमललेले कोंब दाटलेले असतात आणि प्रत्येक कोंबाभोवती तंतू वळसा घेतात. कापल्यावर तेच बारीक डोळ्यांसारखे दिसतात. लहरी मेपल किंवा लहरी अक्रोड यांत तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढलेले असतात. घासून गुळगुळीत केल्यावर एका वळणावर प्रकाश परत फिरतो आणि पुढच्या वळणावर आत शिरतो, म्हणून मूठ हातात फिरवली की पट्टे सरकतात. स्पॉल्टेड लाकडातल्या काळ्या शाईसारख्या रेघा तर बुरशीने ओढलेल्या असतात, दोन वसाहती जिथे समोरासमोर आल्या तिथली ती हद्द असते. या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. तंतू जितके वाकडे, तितकं लाकूड कुठल्या दिशेने किती सरकेल हे सांगणं कठीण. सरळ तंतूंची पट्टी निमूटपणे आपल्या रुंदीतच आक्रसते. बर्ल एका ठिकाणी खाली बसतो, अर्ध्या इंचावर वर राहतो, आणि एखाद्या डोळ्यातून केसाएवढी चीर जाते. नक्षी आणि स्थिरता यांचं हे जे वाकडं आहे, ते पूर्णपणे मिटवता येत नाही. किती वाकडं चालवून घ्यायचं, हे दर मुठीला नव्याने ठरवावं लागतं.

थोडी चतुराई मात्र चालते. ठोकळ्यातून पट्टी कशी काढायची हे आपल्या हातात असतं. वलयं पट्टीच्या सपाट अंगाला काटकोनात येतील अशी काढली, तर कमी आक्रसणारी दिशा मुठीच्या रुंदीत येते आणि ती कड निम्मी होते. लहरी लाकडाचे पट्टेही याच अंगावर सगळ्यात ठसठशीत उठतात, म्हणजे इथे सौंदर्य आणि शहाणपण एका बाजूला असतात. पक्ष्याच्या डोळ्यासारखे ठिपके असलेल्या मेपलचं उलट आहे. ते ठिपके वलयाला समांतर कापलेल्या अंगावरच उमटतात, म्हणजे जास्त सरकणारी दिशा रुंदीत घ्यावीच लागते. दोन्ही पट्ट्या एकाच तुकड्याच्या शेजारच्या कापांतून घेऊन पुस्तकाच्या पानांसारख्या उघडल्या, की नक्षी दोन बाजूंना आरशात दिसावी तशी जुळते, आणि दोन्ही बाजू सरकल्या तरी सारख्या सरकतात. फक्त करवतीच्या पात्याची जाडी आणि नंतरची घासाई यांत मधे दोन-तीन मिलिमीटर जातात आणि बर्लची नक्षी तेवढ्यात बदलते. म्हणून पातळ पात्याची करवत वापरायची आणि आतल्या अंगाला कमीत कमी घासायचं.

लाकडाचं इतकं बोललो, तरी काम सुरू पात्यापासूनच होतं. मुठीच्या नशिबातलं बरंचसं तिथेच ठरून जातं. शिकारीच्या सुरीचं काम शिकार झाल्यावर सुरू होतं: पोट उघडणं, कातडं सोडवणं, सांधे वेगळे करणं. त्याला ७५ ते १०० मिलिमीटरचं पातं पुरतं. पाठीकडून टोक किंचित खाली आणलेला आकार, ज्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात, तो रॉबर्ट लव्हलेस (१९२९–२०१०) या अमेरिकी कारागिरामुळे घराघरांत पोचला. तो टिकला त्याला कारण आहे. टोक खाली असल्यामुळे कातड्याखाली सुरी सरकवताना ते आतड्यात घुसत नाही, आणि पोटाकडचा गोलावा कातडं सोडवायला मोकळा मिळतो. पात्यासाठी पोलादाची पट्टी ३ ते ३.५ मिलिमीटर जाडीची घ्यावी. नवशिके पाच मिलिमीटरची घेतात, कारण ती हातात दमदार वाटते. मांसात मात्र ती पाचरीसारखी अडकते.

पोलाद कुठलं, यावर वाद घालायला लोकांना रात्र पुरत नाही. साध्या भट्टीवर काम करणाऱ्याने १०८४ नंबरचं पोलाद घ्यावं, इतकंच सांगेन. त्यात कार्बन ०.८४ टक्क्यांच्या आसपास असतो आणि ते तापमानातली थोडी चूक पोटात घालतं. १०९५ ला तेलात फार झटकन थंड करावं लागतं, नाहीतर ते पूर्ण कडक होतच नाही. डी२ मध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, त्याला हजार अंशांच्या वर नेमकं तापमान धरून ठेवणारी विजेची भट्टी लागते. निखाऱ्यावर ते काम अंदाजाने करणं म्हणजे पोलाद फुकट घालवणं. पट्टीला आकार देऊन झाला की पाणी द्यायच्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करायच्या, आधी दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. पहिली, धारेच्या जागी ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवायची. त्याहून पातळ धार तेलात शिरताना लाटेसारखी वाकते. दुसरी, मुठीत जाणाऱ्या भागाला, म्हणजे टँगला, पिनांची, म्हणजे लाकूड त्याला जखडणाऱ्या धातूच्या काड्यांची, सगळी भोकं आत्ताच पाडायची. एकदा पोलाद कडक झालं की साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं आणि जळतं. शिवाय पिनांखेरीज चार-पाच जादा भोकं पाडली तर मूठ हलकी होते, आणि त्यांतून दोन्ही बाजूंचा गोंद एकमेकांना भेटतो.

पाणी देणं म्हणजे खरं तर तेल देणं. पोलाद ७७० अंशांच्या आसपास लोहचुंबकाला सोडतं. तिथून आणखी ४०-५० अंश वर नेऊन सगळ्या पात्याचा रंग एकसारखा करायचा आणि दोन-तीन मिनिटं धरायचा. अंधाऱ्या खोलीत हे नीट दिसतं. तापताना पात्यावरून एक गडद सावली सरकत जाते आणि ती पूर्ण गेली की आतली रचना बदलली हे कळतं. टोक पातळ असल्यामुळे ते आधी तापतं, म्हणून पातं सारखं पुढेमागे करावं लागतं. मग ५० ते ६० अंशांच्या कोमट तेलात सरळ खाली. आत गेल्यावर वरखाली हलवायचं, आडवं कधीही नाही. आडवं हलवलं की एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. वाकलंच तर पातं २०० अंशांच्या वर असेपर्यंत, म्हणजे मोजून काही सेकंद, हातमोजे घालून सरळ करता येतं. त्यानंतर जोर लावला तर ते काचेसारखं फुटतं. थंड झाल्यावर कानस फिरवून बघायची. ती चावली नाही, नुसती सरकली, की काम झालं. लगेच, त्याच तासाभरात, २०० अंशांवर दोन-दोन तासांचे दोन फेरे द्यायचे म्हणजे कडकपणा, तो मोजायच्या रॉकवेल सी या मापावर, ५९-६० च्या आसपास येतो. घरातल्या ओव्हनचा आकडा वीस अंशांनी खोटं बोलतो, तेव्हा आत वेगळा थर्मामीटर आणि वाळूचा ट्रे ठेवावा. हाडाला धार लागते तेव्हा जादा कडक पात्याचे टवके उडतात आणि मऊ पात्याची धार मुडपते. या दोहोंच्या मधली जागा अरुंद असते.

पाणी दिल्यानंतर पातं घासताना हातमोजे घालायचे नाहीत. बोटांना चटका बसला की बादलीत बुडवायचं. धारेवर निळसर छटा आली तर तिथला कडकपणा गेला, आणि तेवढा भाग घासून मागे सरकण्यावाचून गत्यंतर नाही. धारेची जाडी ०.३ ते ०.४ मिलिमीटरवर आली की बेल्ट, म्हणजे घासायचा फिरता पट्टा, बंद करावा.

आणि मग जिथे लाकूड आणि पोलाद भेटतात ती जागा येते. माझ्या मते या सगळ्या धंद्यात सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात जास्त महत्त्वाचं काम तेच आहे. तेलातून निघालेला टँग क्वचितच पूर्ण सपाट असतो. काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर टँग दोन्ही बाजूंनी घासायचा. घासल्याची चमक कडेला सगळीकडे दिसली पाहिजे. पट्टीचं आतलं अंगही तसंच. दोन्ही एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरायचं. कुठूनही उजेडाची रेघ आली, तर पुढे तिथे गोंदाची काळी ओळ दिसणार. आतलं अंग गुळगुळीत मात्र ठेवायचं नाही. मधला भाग ६० नंबरने खरबरीत करून किंचित खोलगट करायचा, म्हणजे गोंदाला थांबायला जागा मिळते आणि कडा घट्ट टेकतात. क्लॅम्प आवळून आवळून सगळा गोंद बाहेर पिळून काढणं ही फार नेहमीची चूक आहे. दिसायला सांधा बारीक येतो, पण आत गोंदच उरत नाही, आणि मूठ एखाद्या थंड सकाळी जरा आपटली की एक पट्टी टक् करून सुटते.

पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी गोंद वापरू नये. २४ तासांचा वापरावा. दोन्ही अंगं अ‍ॅसिटोनने पुसायची. कोकोबोलो, सागवान, शिसव अशा तेलकट लाकडांना तर गोंद लावायच्या अगदी आधी पुसायचं, कारण तासाभरात आतलं तेल पुन्हा वर येतं. मुठीचं पुढचं तोंड, म्हणजे पात्याला लागून येणारी लाकडाची कड, गोंद लावण्याआधीच पूर्ण घासून, ८०० नंबरपर्यंत नेऊन, पॉलिश करून ठेवायची. नंतर तिथे हात पोचत नाही, पोचला तर पात्यावर ओरखडे उठतात. दोन्ही पट्ट्या तात्पुरत्या पिनांवर एकत्र ठेवून ही तोंडं एकदमच घासली, म्हणजे डावं-उजवं जुळतं. गोंद लावून क्लॅम्प बसवल्यावर पुढच्या तोंडाशी आलेला गोंद कापसाच्या काडीला थोडं अ‍ॅसिटोन लावून त्याच वेळी पुसायचा. अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं, कारण तो पुन्हा झिरपतोच. कालवलेल्या गोंदाचा उरलेला गोळा बाजूला ठेवावा. तो नखाने दाबला जात असेल तर क्लॅम्पला हात लावायचा नाही, घड्याळ काहीही म्हणो.

पिनांच्या जागेबद्दल एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. पिना मुठीच्या मधल्या रेषेवर एकामागे एक असल्या, तर लाकूड दोन्ही कडांकडे मोकळेपणाने सरकू शकतं. शोभेसाठी दोन पिना एकीखाली एक, मुठीच्या रुंदीत बसवल्या की लाकडाला दोन ठिकाणी खिळून ठेवल्यासारखं होतं. कोरड्या हवेत ते आक्रसायला बघतं, पिना सोडत नाहीत, आणि बरोबर दोन्हींच्या मधे चीर जाते. पिनेचं भोक पिनेपेक्षा ०.१ मिलिमीटर मोठं असावं. घट्ट बसवून हातोडीने डोकं फुलवायचा मोह होतो. आबनूस आणि आफ्रिकन ब्लॅकवूडला तो सोसत नाही. ठोका पडताच पिनेपासून कडेपर्यंत तडा जातो.

रंगीत लायनरचंही असंच आहे. लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये लाल किंवा काळी बारीक रेघ यावी म्हणून ०.८ मिलिमीटरचा व्हल्कनाइज्ड फायबर घालतात. दिसतो सुंदर. पण तो स्वतःच ओलावा पिऊन फुगतो, आणि मग एकाऐवजी दोन कडा बोटाला लागतात. रेघ हवीच असेल तर जी-१०, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन यांचा पत्रा, घ्यावा.

मुठीला आकार देताना हाताला विचारावं, नकाशाला नाही. लांबी ११० ते १२० मिलिमीटर, सगळ्यात जाड जागी १८ ते २२ मिलिमीटर, हे आकडे सुरुवातीला धरायला बरे. काप मात्र गोल नको. गोल मूठ रक्ताळलेल्या, ओल्या हातात फिरते आणि धार कुठे आहे हे तळव्याला कळत नाही. अंडाकृती काप न बघता दिशा सांगतो. पोटाकडे तर्जनीला एक खाच आणि मागे करंगळीला थोडा उतार दिला की हात पुढे सरकत नाही. बोटाबोटाला वेगळी खाच कोरण्याचा मोह टाळावा. ती एकाच हातात, एकाच पकडीत बरोबर बसते आणि बाकी सगळ्या पकडींत रुतते. अर्धी झालेली मूठ खडूने माखून पंधरा मिनिटं जाड पुठ्ठा कापत राहिलं की कुठे खडू पूर्ण पुसला गेला आणि कुठे कातडी लाल झाली हे दिसतं. त्याच जागा कानशीने कमी करायच्या.

या टप्प्यावर उष्णता हा खरा शत्रू. बेल्टवर पितळेची पिन लाकडाच्या कितीतरी आधी तापते, तिच्याभोवती फिकट लाकडात तपकिरी कडं उमटतं आणि खालचा गोंद मऊ पडतो. बरेच इपॉक्सी ६०-७० अंशांतच ढिले पडू लागतात. डेझर्ट आयर्नवूड पाण्यात बुडतं इतकं दाट असतं. त्याला स्टॅबिलाइझ करावं, म्हणजे आत रेझिन मुरवून पक्कं करावं लागत नाही, पण तापलं की त्याच्या तोंडाशी जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. नवा बेल्ट, कमी वेग, आणि दर काही सेकंदांनी पिनेला ओठ लावून बघणं, एवढंच करायचं. मेपलसारख्या फिकट लाकडाला आणखी एक धोका असतो. टँग आणि पिनांचा धातूचा भुगा त्याच्या छिद्रांत जाऊन करडे फराटे पडतात. १२० नंतर प्रत्येक नंबरला तो हवेने उडवायचा, ओल्या फडक्याने पुसायचा नाही. ओल्या लोखंडी भुग्याने अक्रोड आणि ओक काळे पडतात.

१२०, २२०, ३२०, ४००, ६००, ८००. मधले नंबर गाळले की तेल लावल्यावर ओरखडे वर येतात. ४०० नंतर मूठ पाण्याने जराशी ओली करून वाळू द्यायची. उभे राहिलेले तंतू पुढच्या कागदाने कापले जातात, नाहीतर पहिल्याच पावसात मूठ खरखरीत होते. ८०० च्या पुढे कधीतरी तो क्षण येतो. इतका वेळ नुसतं लाकूड असलेली गोष्ट आतून उजळते, लहरी खोल दिसू लागतात, आणि तेलाचा पहिला हात बसला की रंग दोन पायऱ्या गडद होतो. कितीही मुठी केल्या तरी या क्षणाची ओढ कमी होत नाही. टंग ऑइल किंवा उकळलेलं जवसाचं तेल पातळ हातांनी लावावं, एका हातानंतर दुसरा एका दिवसाने. तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत. सुकताना ती स्वतःच्याच उष्णतेने पेट घेतात. ती उलगडून बाहेर वाळवावीत.

मग ती कड येऊ नये म्हणून पूर्ण खात्रीचा उपाय काय? लोक म्हणतील, लाकूड स्टॅबिलाइझ करा. लाकूड १०५ अंशांवर पूर्ण सुकवायचं, रेझिनमध्ये बुडवून निर्वातात ठेवायचं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, म्हणजे बऱ्याचदा एक दिवस किंवा जास्त. मग हवा आत सोडून निदान तेवढाच वेळ मुरू द्यायचं आणि ९०-९५ अंशांवर भाजून घट्ट करायचं. स्पॉल्टेड मेपल, मऊ बर्ल यांना दुसरा मार्गच नाही. ती नाहीतर नखाने उकरली जातात. सुकवण्यात कसूर झाली असेल तर गाभ्यात पाणी असलेल्या जागी रेझिन पोचत नाही, आणि पट्टी कापल्यावर मधे चिकट, उग्र वासाचा भाग सापडतो. चांगलं झालं तर लाकूड खरंच फार कमी सरकतं. पण मला ते प्रत्येक मुठीला नको वाटतं. रेझिन भरलेली मूठ जड होते, चमक वरवरची वाटते, आणि थंडीत हात लावला की लाकडाची ऊब उशिरा येते. दाट, तेलकट लाकडांत तर रेझिन शिरतच नाही. लव्हलेसच्या अनेक सुऱ्यांना मिकार्टाच्या, म्हणजे कापड आणि रेझिन दाबून केलेल्या पदार्थाच्या, मुठी आहेत, म्हणजे त्याने हा प्रश्नच बाजूला ठेवला. फिनलंडच्या पुक्को या पारंपरिक सुरीने वेगळा मार्ग काढला. तिथे टँग बारीक असतो आणि लाकडाच्या आत पूर्ण दडलेला असतो, पाठीवर पोलाद उघडं येतच नाही. लहरी बर्च कितीही आक्रसला तरी बोटाला कड लागत नाही, फक्त बोल्स्टरपाशी, म्हणजे मुठीच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या तुकड्यापाशी, किंचित जाणवते.

उघड्या टँगवर नैसर्गिक लाकूड ठेवायचं असेल, तर मला पटलेली पद्धत अशी. गोंद लागल्यावर मूठ जवळजवळ पूर्ण करायची आणि शेवटच्या घासाईपूर्वी सुरी दोन-तीन आठवडे तशीच ठेवून द्यायची. ती पावसाळी हवेत पूर्ण केली तर पुढे पोलाद वर येणार. कोरड्या हवेत पूर्ण केली तर ओल्या दिवसांत लाकूड किंचित फुगून पोलादाच्या वर राहणार, आणि तळव्याला ते मऊच लागतं. म्हणून शेवटचा कागद शक्यतो कोरड्या दिवसांत फिरवावा, आणि टँगच्या दोन्ही कडांची धार ४०० नंबरने मारून ठेवावी. आधीच आलेली कडसुद्धा अशीच काढता येते, फक्त त्यानंतर पूर्ण मुठीला तेलाचा नवा हात द्यावा लागतो, नाहीतर तेवढाच पट्टा फिका दिसतो.

लाकूड निवडताना आणखी दोन गोष्टी मनात असाव्यात. कोकोबोलो आणि त्याच्या भाऊबंदांच्या भुग्याने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढच्या वेळी जरासा भुगाही पुरतो. चांगला मास्क आणि भुगा ओढणारा पंखा यांत काटकसर नको. आणि ब्राझिलियन रोजवूडवर १९९२ पासून साइटिस या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं सगळ्यात कडक बंधन आहे, तर शिसवीच्या कुळातली, म्हणजे डॅलबर्जियाची, बाकी सगळी लाकडं २ जानेवारी २०१७ पासून त्याच कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. जुना ठोकळा घेताना त्याचे कागद मागावेत. वीतभर मुठीसाठी शंभर वर्षांचं झाड पाडलं गेलं असेल, तर नक्षी कितीही सुरेख असो, ती मुठीत धरवत नाही. लहरी मेपल, अक्रोडाच्या मुळाकडचा भाग, ऑलिव्ह, बॉक्स एल्डरचा लालसर बर्ल, ही कमी देखणी लाकडं नाहीत.

धार सगळ्यात शेवटी. तोवर पातं कागदी टेपात गुंडाळलेलं बरं, मुठीवर काम करताना हात वाचतात. प्रत्येक बाजूला २० अंश, आधी ४०० चा दगड, कड पलटल्याची बारीक काटेरी जाणीव पूर्ण लांबीवर आली की १०००, आणि शेवटी चामड्यावर काही हात. म्यान वनस्पतीच्या सालीने कमावलेल्या चामड्याचं शिवावं, कारण क्रोमने कमावलेल्या चामड्यातले क्षार पात्याला गंज चढवतात. सुरी म्यानात घालून ठेवूनही देऊ नये. चामडं ओलावा धरतं, आणि मूठ एका टोकाला दमट, दुसऱ्या टोकाला कोरडी राहते. मेपलसारखी फिकट मूठ असेल तर म्यानाला आतून रंग द्यायचा नाही. तो मुठीवर उतरतो, आणि तेलाखाली मुरलेला डाग काढायला पुन्हा २२० नंबरपासून सुरुवात करावी लागते.